बेबाबाईचं दीड एकर

बहिणीची सही आणायची म्हणजे काय डोंगर फोडायचाय, असं असोद्याचा चुडामण बायकोपुढे ऐटीत म्हणाला खरा, पण मनातून टरकला होता. बाप कौतिक आबा वारून वर्ष झालेलं. वडिलोपार्जित सहा एकर केळी आता आपलीच म्हणून गडी निवांत होता. तोच जळगावच्या वकिलाने सांगितलं, छप्पन साली नवा कायदा झालाय, आबांच्या वाट्यात बहिणीचाही हिस्सा निघतो. तिला कळायच्या आत हक्कसोडपत्र करून घ्या!

आता बेबाबाई दिलेली शिंदखेड्याला. आई गेल्यापासून सहा वर्षं या भावाने तिला अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, माहेरी आणलेलं नव्हतं. कधी बैल दुखावला, कधी पाहुणे आले, सबबींना काय तोटा? यंदा मात्र स्वारी नवं लुगडं घेऊन दारात हजर!

घरी आणून त्याने स्वतः झोका बांधला, ताटात सांजोऱ्यांचा ढीग वाढला. पण जीव टांगणीला. ती मळ्याकडे पाहायची आणि हा घाईने दुसराच विषय काढायचा. केळी छान आली रे, असं ती सहज म्हणाली, तर याला ठसका लागला. अन्न गोड लागेना. तीन दिवसांत तोंड एवढंसं झालं.

शेवटी बेबाबाईने त्याचा हात धरला आणि रडू लागली. "भाऊ, खरं सांग. तुले काय झालं? असा तू कधीच नव्हता."

चुडामणची अक्कल चालली. तो जरासा खोकला. डॉक्टरने आशा सोडलीय म्हणाला, तेवढी एका कागदावर सही केलीस तर जिवाला शांती मिळेल. बेबाबाईने डोळे पुसले आणि कुठे सही करू, एवढंच विचारलं.

जळगावच्या कचेरीत साहेबांनी नियमाप्रमाणे कागद वाचून दाखवला. बापाच्या जमिनीतलं तुमचं दीड एकर राजीखुशीने सोडताय ना, बाई? बेबाबाईला हे पहिल्यांदाच कळत होतं. साहेबांनी सगळा कायदा सावकाश समजावला. चुडामण घामाघूम होऊन जोरजोरात खोकत राहिला.

बेबाबाईने टाक खाली ठेवला आणि साहेबांना सांगितलं. भावाच्या जिवाचा भरवसा नाही, त्याची पोरं लहान, मळा कोण सांभाळणार, म्हणून तिने नवऱ्याला कालच निरोप धाडला होता, शिंदखेड्याचं बिऱ्हाड मोडून असोद्याला या. हिस्साच सोडला तर मळ्यात कोणत्या तोंडाने उभं राहायचं?

बिऱ्हाड म्हणताच चुडामण ताडकन उठला. "अक्का, मले काहीच नाही झालं! शंभर वर्षं जगीन मी!"

बेबाबाईने देवाला हात जोडले, भावाच्या पाठीत एक धपाटा घातला आणि पदराने डोळे कोरडे केले.

"जग रे भाऊ," ती म्हणाली, "शंभर वर्षं जग. साडेचार एकरात."