भरलेलं विमान

आमच्या गावचं विमान मी वाचवणार, असं मी घरी, दुकानात, अगदी न्हाव्याच्या खुर्चीत बसूनही सांगून ठेवलं होतं.

विमान एकोणीस खुर्च्यांचं. तिकिटं देणारा, सामान तोलणारा आणि धावपट्टीवरची कुत्री हाकलणारा मी एकटाच. प्रवासी जेमतेम सहा-सात. रिकाम्या खुर्च्यांचा खर्च सरकार कंपनीला द्यायचं, म्हणून ते उडायचं. ही मदत चालू ठेवायची की नाही, ते ठरवायला तपासनीस येणार असं पत्र आलं.

मी सगळी सासुरवाडी विमानात भरली. साडू, मेहुणी, मावससासू, झाडून सगळे. मेहुण्याला टाय बांधून बजावलं, की मी खुणावलं की कामात बुडालेल्या व्यापाऱ्यासारखं बोलायचं.

तपासनीस खुशीत उभे होते, तेवढ्यात शाळेतल्या आमच्या बाई आल्या. डोळ्यात इंजेक्शन घ्यायला त्या दर महिन्याला शहरात जायच्या. तिकीट आधी काढायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. मी मेहुण्याला खुणावलं, ऊठ म्हणून. तो खुर्चीला चिकटून ओरडला, "माझा लाखोंचा सौदा बुडेल!"

तपासनिसांनी तेही टिपून घेतलं. बाई म्हणाल्या, "राहू दे रे, लोकांची कामं असतात." आणि त्या एसटीनं गेल्या. नऊ तासांनी पोचल्या तेव्हा दवाखाना बंद झाला होता.

तीन आठवड्यांनी अहवाल आला. या मार्गाला इतकी मागणी आहे, की सरकारी मदतीची गरजच उरलेली नाही. मदत थांबली आणि पुढच्याच महिन्यात कंपनीनं विमानही थांबवलं. बायको एवढंच म्हणाली, "अर्धंच भरायचं होतंत."

मी बाईंकडे जाऊन सगळं कबूल केलं. त्या वेळचं इंजेक्शन लांबलं आणि डाव्या डोळ्याला अंधारी आली ती आलीच; उजवा तर आधीपासूनच अधू होता.

"किती माणसं असती तर विमान टिकलं असतं?" त्यांनी विचारलं.

"ते मी विचारलंच नाही, बाई."

आता महिन्यातून एकदा मी त्यांना एसटीनं घेऊन जातो. खिडकीची जागा त्या मलाच देतात. म्हणतात, तू बघ आणि मला सांगत जा. मग मी नऊ तास सांगत बसतो. चुकलं की त्या अजूनही दुरुस्त करतात.