जुईलीच्या दाताचा उपास

नियोजनात माझा हात कुणी धरू शकत नाही! आमचे हे, म्हणजे शैलेश, हिंजवडीत बसून सात देशांतली माणसं सांभाळतात म्हणे. मी घोटावड्यात बसून कुकर, शाळेची गाडी, स्वतःच्या ऑनलाइन शिकवण्या आणि शैलेश, एवढं सगळं सांभाळते. त्यामुळे पाच वर्षांच्या जुईलीला दातांच्या डॉक्टरांकडे नेणं हा माझ्या डाव्या हातचा मळ, असं मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

(जुईली आत्ता झोपलीय. ती उठायच्या आत हे लिहून व्हायला हवं, म्हणून भराभर सांगते.)

पहिल्या खेपेला जुईलीनं डॉक्टरांसमोर तोंड उघडलं ते फक्त किंचाळायला, आणि मिटलं ते थेट डॉक्टर नलिनींच्या बोटावर! बोट सोडवायला कंपाउंडरला बोलवावं लागलं. पण बाई मोठ्या प्रेमळ. बोट चोळत म्हणाल्या, "अगं स्नेहल, घाबरलेल्या मुलांसाठी हसवणारा गॅस असतो आपल्याकडे. नाकावर छोटासा मास्क लावायचा. मूल झोपत नाही, जागंच असतं, फक्त भीती विरघळते. काम झालं की थोड्या वेळात पुन्हा पहिल्यासारखं. अट एकच, सकाळपासून पोटात काही नको. खाऊन आली तर उलटी होईल, मग मी गॅस देणार नाही."

त्या पौडला येतात पंधरा दिवसांतून एका शनिवारी. म्हणजे हा शनिवार हुकला, की माझं लेकरू आणखी पंधरा दिवस एकाच गालानं जेवणार आणि झोपेतून उठून म्हणणार, "आई, माझा दात रडतोय." ते ऐकलं की मलाच रडू येतं. तेव्हा काहीही होवो, शनिवारी जुईलीच्या पोटात कण जाता कामा नये!

अडचण होती खालच्या मजल्याची. तिथे आमच्या घरमालकीणबाई सारजाबाई राहतात. जुईली जिना उतरली की तिच्या हातावर काहीतरी पडतंच. भाकरीचा पापुद्रा, गुळाचा खडा, काहीही. आता त्यांना गॅस, भीती वगैरे सांगावं, तर अख्खी आळी "पोरीला गुंगी देत्यात" म्हणत नारळ घेऊन दारात येईल. मागे शैलेशला नुसतं सलाईन लावलं, तर त्याला भेटायला चौतीस माणसं आली होती!

म्हणून शुक्रवारी संध्याकाळी मी एक अफलातून युक्ती केली.

"मावशी, उद्या जुईलीला काही देऊ नका हं. तिचा उपास आहे."

"अगं बया! एवढीशी पोर आन् उपास!" सारजाबाईंनी जुईलीच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली.

मी विजयी मुद्रेनं वर आले. आता तुम्ही म्हणाल, ही बाई मराठीच आहे ना? एकादशीला दुप्पट जेवणारी मी! मला कळू नये, की आपल्याकडे 'उपास' म्हणणं म्हणजे आमंत्रण देणं?

शनिवारी सकाळी दार उघडलं, तर दारात साबुदाण्याची खिचडी! वर तुपाची धार, बाजूला दही. पातेल्यामागे सारजाबाई. आणि त्यांच्या मागे समोरच्या धोंडाबाई, शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा घेऊन!

जुईली खिचडीकडे बघत होती आणि मी जुईलीकडे. पोरीनं आवंढा गिळला.

"मावशी, हे नाही चालायचं."

"उपासाचंच हाय की सगळं! सैंधव घातलंय."

"तसं नाही हो. तिचा उपास... जरा कडक आहे."

"कडक म्हंजी? निर्जळी?"

आता मागे कसं फिरायचं? मी म्हणाले, "हो!"

झालं! सारजाबाईंनी पातेलं खाली ठेवलं आणि कमरेवर हात घेतले. "तू आय हायेस का कोन? कोवळ्या लेकराला निर्जळी? अवो, ऐकलं का? वर या!"

'अवो' म्हणजे हैबतराव. खोकले तरी दोन शेतांपलीकडचे बगळे उडतात. ते जिना चढले तसे आमचे कप हलले.

"कुनी सांगितला गं बाळा ह्यो उपास?" त्यांनी जुईलीला विचारलं.

"डॉक्टरांनी!" जुईलीनं छाती काढून सांगितलं. "माझ्या दातासाठी आहे."

"डागतर? आता डागतर बी निर्जळी सांगाया लागलं व्हय?" हैबतरावांच्या मिशा थरथरल्या. "मॅडम, चला. मी येतो संगं. बघतोच कोन डागतर हाय त्यो!"

"काका, अहो, मी समजावून सांगते..."

"तुमी न्हाई, आता त्यो समजावंल!"

शैलेश खोलीतून हेडफोन लावून मीटिंग करता करता मला अंगठा दाखवत होता. सगळं छान चाललंय, असं त्याला वाटत होतं!

हैबतरावांची जीप पौडकडे सुटली. पुढे ते, मागे मी, जुईली, सारजाबाई, धोंडाबाई, खिचडीचं पातेलं आणि लाडवांचा डबा. मी वाटेत खरं सांगायचा तीनदा प्रयत्न केला. पण जीपचा आवाज मोठा, त्याहून सारजाबाईंचा. मी जुईलीच्या तोंडावर नजर ठेवून बसले, तिजोरीवर पहारेकरी बसावा तशी.

दवाखान्यात शिरताच हैबतराव गरजले, "पोरीला उपाशी ठेवनारा डागतर कुटं हाय?"

"मीच ती," डॉक्टर नलिनी बाहेर आल्या. "का हो, पोरीनं काही खाल्लं का?"

"न्हाई ना! त्येचीच तर तक्रार हाय!"

"वा! फारच छान!"

हैबतराव आयुष्यात पहिल्यांदाच गप्प झाले असावेत. त्या शांततेत मी एका दमात सगळं सांगून टाकलं. गॅस, रिकामं पोट, खोटा उपास, सगळं! सारजाबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मलाच गॅसची गरज वाटली.

तेवढ्यात जुईलीच्या फ्रॉकच्या खिशातून काहीतरी टपकन पडलं आणि गडगडत डॉक्टरांच्या पायाशी गेलं.

शेंगदाण्याचा लाडू! आणि त्याचा एक घास घेतलेला!

पंधरा दिवस! आणखी पंधरा दिवस 'दात रडतोय'!

"मी नाही खाल्ला!" जुईलीचे ओठ थरथरायला लागले. "आजींनी दिला. मी नंतरसाठी ठेवला."

डॉक्टरांनी लाडू उचलला, चष्मा सावरला आणि न्यायाधीशासारखा उजेडात धरला. "ही खूण दुधाच्या दातांची नाही. घास मोठा आहे. आणि मधले दोन दातच नाहीत."

आम्ही सगळे हळूच वळलो. धोंडाबाईंनी घट्ट तोंड मिटून घेतलं.

"खवट हाय का बगत हुते," त्या मिटल्या तोंडानंच म्हणाल्या.

मग काय! जुईली खुर्चीत, नाकावर गुलाबी मास्क, मी एका हातानं तिचे तळपाय आणि दुसऱ्यानं स्वतःचा गाल धरून. थोड्या वेळानं तिचे खांदे सैल पडले. "आई, माझे पाय ढग झालेत," म्हणाली आणि खुदखुदली. डॉक्टरांनी कीड काढली, दात भरला, आणि माझी बोटचावी लेक छताकडे बघून हसत होती! माझ्या डोळ्यांतून मात्र टपाटप पाणी. बाहेरून हैबतराव विचारत होते, "झालं का? रडतंय कोन मग?"

"आई रडतीय!" जुईली आनंदानं ओरडली.

सगळं संपलं. सारजाबाईंनी मला माफ करून टाकलं होतं. मी पर्स उचलली, तर डॉक्टर म्हणाल्या, "स्नेहल, आता तू बस."

"मी?"

"मघापासून उजवा गाल दाबून धरलायस. मोठ्यांनाही देतो आम्ही गॅस."

मी दाराकडे एक पाऊल सरकले. म्हणजे... मी भित्री नाही हं! फक्त त्या यंत्राचा तो 'घुर्रर्र' आवाज... "नको नको! मी खाऊन आलेय. पोटभर!"

"खोटं!" माझी लेक, माझ्या काळजाचा तुकडा, म्हणाली. "आईनं चहासुद्धा नाही घेतला. म्हणाली, तू उपाशी तर मीपण उपाशी."

सारजाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. डॉक्टरांनी हातमोजे चढवले. सुटकेचा एकच मार्ग होता. मी धोंडाबाईंचा डबा ओढला आणि अख्खा लाडू तोंडात कोंबला! "हे बघा, खाल्लं! आता नाही ना चालत?"

कट्ट!

लाडवात खडा नव्हता हो. तो माझाच दात होता.

गॅस केव्हाच बंद झाला होता, तरी दवाखान्यात सगळे हसत होते. हैबतराव तर भिंतीला धरून! डॉक्टरांनी तात्पुरतं औषध भरून मला पुढच्या खेपेची वेळ दिली. रिकाम्या पोटी यायचं!

तो शनिवार उद्याच आहे. या वेळी मी खाली कुणालाही काहीही सांगितलेलं नाही. पण आत्ताच जुईली डोळे चोळत उठली आणि म्हणाली, "आई, मी खालच्या आजींना सांगितलं, उद्या तुझा उपास आहे. त्यांनी मोठ्या पातेल्यात साबुदाणा भिजत घातलाय!"