झोंबींसाठी गाऱ्हाणं

टीव्ही लावायच्या आधी विसूभावजी उभे राहायचे, डोक्यावर टोपी चढवायचे, हात जोडायचे आणि झोंबींच्या मालिकेत अडकलेल्या माणसांसाठी ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घालायचे. "बा देवा महाराजा, ही लेकरं त्या शाळेत कोंडली हायत, त्यांच्या मागची इडापिडा टाळ रे महाराजा! सुमनचा पाय मुरगळलाय, तिला गुण दे रे महाराजा!" दरवेळी मी "व्हय महाराजा" म्हणायचं. नाही म्हटलं तर रिमोट मिळायचा नाही.

ही सुमन म्हणजे कुठलीशी परदेशी डॉक्टरीण. मालिका हिंदीत डब केलेली, पण मूळ नावं भावजींच्या तोंडात बसेनात. मग त्यांनी सगळ्यांचं नव्याने बारसं केलं. जाडा पोलीस तो हवालदार, खोकणारा म्हातारा तो तात्या. आणि मेलेले उठून लंगडत यायला लागले की टोपी डोळ्यांवर ओढायची, पण जीव मात्र त्यांच्यासाठीच कळवळायचा. "कोणाचा तरी जावई असंल गो बिचारा!" एकदा सुमनने त्यातल्या एकाच्या डोक्यात फावडं घातलं, तर भावजी तिच्यावरच भडकले. "अगो, आधी विचारायचं तरी, कुठला, कोणाचा!"

विसूभावजी आमच्या ह्यांचे बालमित्र. पालीजवळच्या आमच्या वाडीत कोणाचं लग्न जमत नसो, कोणाची म्हैस दूध देत नसो, देवळात गाऱ्हाणं घालायला भावजीच लागतात. स्वतःचं लग्न मात्र त्यांनी केलं नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणतात, "लोकांची जमवता जमवता माझं ऱ्हायलं." गोठ्यापलीकडच्या घरात एकटेच असतात. पेज स्वतः शिजवतात आणि करपली की भांड्याला शिव्या घालतात.

हे गेले आणि मला घर खायला उठलं. मुलगी मेधा डोंबिवलीला. तिचा रोज फोन, रोज तेच पालुपद : "आई, घर बंद कर आणि इकडे ये." तिची काळजी खोटी नव्हती, पण माझं मन काही ठरत नव्हतं. जीव रमावा म्हणून ती येऊन मोठा टीव्ही बसवून गेली. एकदा काहीतरी भलतंच बटण दाबलं गेलं आणि ही मालिका सुरू झाली ती झालीच. पुढे एकदा फोनवर वैतागून मी म्हणाले, "हो बाई, हा सीझन संपला की येते." भावजी तेव्हा समोरच बशीतून चहा ओढत होते.

त्यानंतर ह्या गृहस्थांचं काय बिनसलं कोण जाणे! आधी नियम निघाला, दिवसाला एकच भाग. जास्त बघितलं तर म्हणे पित्त होतं. मग भाग निम्मा झाला की मधेच उठून माझं मागलं दार बघायला जायचे. "ती शाळेवाली बघ, पुढं एवढी टेबलं लावलीत आणि मागलं दार सताड उघडं! तू कडी घातलीस काय?" आणि मग झोपा सुरू झाल्या. पडद्यावर सगळं गाव किंचाळत पळतंय आणि हे मांडी घालून घोरतायत! दुसऱ्या दिवशी हुकूम, "माझा डोळा लागला गो. कालचाच परत लाव." तात्याला झोंबी चावला तो प्रसंग मी इतक्यांदा पाहिला की शेवटी मलाच त्याची दया येईना.

पण खरं सांगू? त्या सीझनने मला माणसात आणलं. तिन्हीसांजेला कोणीतरी येणार म्हणून मी दिवा लावायला लागले, केस विंचरायला लागले, दोघांच्या अंदाजाने भाकऱ्या थापायला लागले. ह्यांच्यानंतर पहिल्यांदा खळखळून हसले ते भावजींनी हवालदाराला टीव्हीत बोट दाखवून दम भरला तेव्हा. त्या मढ्यांचे माझ्यावर उपकारच आहेत.

होता होता शेवटचा भाग उरला आणि भावजी यायचेच थांबले. दोन-तीन दिवस वाट बघून मीच त्यांच्याकडे गेले. पडवीत घोंगडी पांघरून बसले होते.

"ताप हाय," म्हणाले.

कपाळाला हात लावला, तर गार. "भावजी, खोटं बोलू नका."

त्यांनी घोंगडी आणखी घट्ट ओढून घेतली. मग खाली मान घालून म्हणाले, "शेवटचा बघितला की तू जाणार. मेधाला तसं बोललीस."

"म्हणून तुम्ही झोपत होतात?"

"झोप कसली गो! ती मढी आरडतायत, कोणाला झोप लागंल? डोळे मिटून घोरत बसायचो." मग त्यांनी वाडीकडे हात केला. "ते घर बंद. ते वरचं बंद. सगळी मुंबईला. तू पण गेलीस तर मी बोलू कोणाशी, वैनी? त्या सुमनच्या गावात मेलेली का होईनात, माणसं फिरतायत तरी."

मला आधी हसू आलं आणि मग रडूच फुटलं. एवढी वर्षं ह्या माणसाने अख्ख्या गावासाठी देवाकडे मागणं मागितलं, आणि मला "जाऊ नको" एवढं म्हणायला त्याची जीभ उचलली नाही. तिथेच, त्यांच्यासमोर, मी मेधाला फोन लावला. म्हटलं, "दिवाळीला तूच ये गं. मी इथेच राहणार."

"आणि तो सीझन?" तिने विचारलं.

"संपेल आज."

भावजींनी घोंगडी बाजूला केली, उठले, तोंडावर पाणी मारलं.

"चल वैनी, लाव," म्हणाले. "आज मी जागा ऱ्हातंय."