बाणातला ण

एका जंगलात, बाळांनो, धड पायवाट नव्हती, दवाखाना नव्हता, पण रेंज मात्र फुल होती. त्यामुळे बिळाबिळात कॉम्प्युटर आले होते. कशाला, ते विचारू नका. तुमच्या घरी कशाला आहे, ते मी विचारलं का?

त्या जंगलात साळिंदर गुरुजी राहत. शाळेतून निवृत्त झाले होते, पण मराठीतून निवृत्त व्हायला तयार नव्हते. कुणी अशुद्ध लिहिलं की त्यांच्या अंगावर काटा यायचा, आणि तो खराखुरा असायचा. मग त्यातलाच एक उपसून ते लाल शाईत बुडवत आणि समोरच्याचा कागद रक्तबंबाळ करून सोडत.

गुरुजींचा जीव एकाच गोष्टीत अडकला होता. ते जंगलाचा शब्दकोश लिहीत होते. डरकाळीपासून कुजबुजीपर्यंत एकेक शब्द त्यांनी दारोदार फिरून गोळा केला होता. सगळा कोश त्या कॉम्प्युटरमध्ये होता. दुसरी प्रत कुठेही नव्हती.

"अहो, एक प्रत काढून ठेवा," असं त्यांची बायको साळूबाई सारखी म्हणे.

"पूर्ण झाल्यावर काढू," असं गुरुजी सारखे म्हणत.

एका दुपारी गुरुजी 'ह'पर्यंत आले होते. 'हूल देणे : खोटी भीती घालून फसवणे' एवढं लिहून ते नेटवर काहीतरी शोधायला गेले, तोच पडदा लालभडक झाला. भोंगा वाजू लागला. पडद्यावर अक्षरं नाचू लागली :

'सावधान!!! तुमचा संगणक ला पाच विषानु चावला आहे. खिडकी बंद नका करा. तात्काल या नंबर वर फोन मारा!'

साळूबाई हातातले कंद टाकून धावत आली. "अहो, हे तसलंच आहे! खारीकडे आलं होतं. तिने फोन केला आणि तिच्या सगळ्या शेंगा गेल्या. वायर उपटा आधी."

"चोर आहे हे मलाही कळतंय गं," गुरुजी म्हणाले. त्यांचे सगळे काटे उभे राहिले होते. "पण चोरानं 'विषानु' लिहावं? काही जनाची, मनाची?"

आणि त्यांनी फोन लावला.

पलीकडे एक तरस होतं. डोंगरापलीकडच्या गुहेत बसून ते हा उद्योग करत असे. "घाबरू नका सर," तरस म्हणालं. "मी सांगतो ते बटण दाबा, म्हणजे मला तुमच्या कॉम्प्युटरमध्ये येता येईल."

"बटण नंतर. आधी सांग, विषाणूतला ण कुठला?"

"कुठला म्हणजे?"

"नळातला की बाणातला?"

आजवर तरसाला शिव्या मिळाल्या होत्या, पण असा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

"बाणातला!" गुरुजी गरजले. "आणि णू दीर्घ! 'तात्काल' नव्हे, तत्काळ! आणि पाच विषाणू 'चावला'? पाचांनी मिळून एकच चावा घेतला का रे?"

एखादं साधं तरस असतं तर त्याने फोन आपटला असता. पण याचा धंदा बसला होता. खार सोडली तर त्याची मराठी वाचून सगळं जंगल पोट धरून हसायचं. तरसाने आवाज मऊ केला. "गुरुजी, सगळा मजकूर एकदा तपासून द्याल का?"

गुरुजींच्या डोळ्यांत पाणी आलं. उभ्या हयातीत एकाही विद्यार्थ्याने त्यांना आपणहून शुद्धलेखन विचारलं नव्हतं. मग काय, ऱ्हस्वदीर्घ झालं, विभक्तिप्रत्यय झाले, उद्गारचिन्हांची उधळपट्टीही झाली. शेवटी साळूबाईनेच वायर उपटली. पडदा विझला. पुन्हा लावला तेव्हा लाल खिडकी गेली होती आणि शब्दकोश जागच्या जागी होता.

"बघितलंस?" गुरुजी म्हणाले. "चोरही सुधारतो."

"चोर सुधारला की चोराची मराठी?" साळूबाईने विचारलं. बायकोचं व्याकरण गुरुजी कधी मनावर घेत नसत.

पुढे जंगलात अजबच प्रकार सुरू झाला. ससा लुटला गेला. धनेश पक्षी लुटला गेला. खुद्द सिंहाची डरकाळी कुणीतरी पळवली, आणि तो दरबारात खाकरून काम भागवू लागला. गुरुजींचं तिकडे लक्ष नव्हतं. ते 'ज्ञ'वर आले होते. शेवटचं अक्षर!

साळूबाई नदीवर गेली असताना गुरुजींच्या पडद्यावर एक पांढरीशुभ्र खिडकी उघडली. भोंगा नाही, लाल रंग नाही.

'सप्रेम नमस्कार. आपल्या संगणकात पाच विषाणू आढळले आहेत. कृपया घाबरून जाऊ नये. खालील क्रमांकावर तत्काळ संपर्क साधावा, ही नम्र विनंती.'

गुरुजींनी सवयीने काटा उपसला. एकदा वाचलं, पुन्हा वाचलं. काटा तसाच हातात राहिला. हे वाक्य आपणच दुरुस्त केलंय, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. त्यांना जन्मभर चुकाच तेवढ्या लक्षात राहत.

"कुणीतरी सुशिक्षित माणसं दिसतात," ते म्हणाले. वास्तविक जंगलात माणसं नव्हती. पण शुद्ध मराठी दिसली की गुरुजींचं भान सुटे.

त्यांनी फोन लावला. पलीकडून फार गोड आवाज आला. त्याने सांगितलेलं बटण गुरुजींनी दाबलं. पडद्यावरचा बाण आपोआप फिरू लागला. आधी 'अ' गेला, मग 'आ'. गुरुजी "अरे, अरे!" करेपर्यंत 'ज्ञ'ही गेला. उरली एकच ओळ :

'आपला शब्दकोश मिळाला. पुढील पत्रव्यवहारासाठी तो फार उपयोगी पडेल. आपला आज्ञाधारक विद्यार्थी.'

साळूबाई परतली तेव्हा गुरुजी हमसून हमसून रडत होते. आयुष्यभराचं काम गेलं होतं. तिने ती ओळ वाचली आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला. काटे असे सपाट पडलेले तिने कधी पाहिले नव्हते.

"सगळं नेलंन गं त्यानं," गुरुजी म्हणाले. मग डोळे पुसून त्यांनी पडद्याकडे पुन्हा पाहिलं. "आणि एकसुद्धा चूक नाही."

तात्पर्य : बाळांनो, शुद्धलेखनाचा फार आग्रह धरू नये. चोरांची मराठी कच्ची आहे, तोवरच आपलं बरं चाललं आहे. या गोष्टीत एखादी चूक सापडलीच, तर सांगणारा प्रामाणिक आहे असं समजावं.