निहोची लाट आणि कांद्यांचं जहाज

"कोरोचं विमान उडायच्या आत निहोची लाट चढून दाखवतो, आणि तीही उभ्यानं," असं तेपानो भर पंगतीत म्हणाला तेव्हा त्याच्या तोंडात गरम रताळं होतं. त्यामुळे निम्म्या लोकांना काही कळलंच नाही. ज्या निम्म्यांना कळलं त्यांनी संध्याकाळपर्यंत बाकीच्यांना सांगितलं. आमच्या गावात एवढी सोय आहे.

कोरो म्हणजे तेपानोचा बाप, काइतु. आम्ही बापालाही कोरो म्हणतो आणि कुठल्याही म्हाताऱ्यालाही. वय एक्क्याऐंशी, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि हृदयाची एक झडप कामातून गेलेली. ती बदलायला त्याला अडीच आठवड्यांनी, गुरुवारच्या विमानानं, मुख्य भूमीवर न्यायचं ठरलं होतं. आमच्या बेटावरून तिकडे उपचाराला गेलेली म्हातारी माणसं परत येतात, पण सगळीच बसून येत नाहीत. हे कोरोला माहीत होतं, तेपानोला माहीत होतं, आणि घरात त्यावर कोणी अवाक्षर काढत नव्हतं.

बोलणं चालायचं ते निहोचं. निहो म्हणजे दात. दक्षिणेच्या किनाऱ्यावर, जिथं रस्ता संपतो आणि नुसते दगड उरतात, तिथं लाव्हाचा काळा कातळ समुद्रात उतरलाय आणि त्याचं एक टोक पाण्याखाली दबा धरून बसलंय. नैऋत्येकडून मोठं पाणी आलं की त्या दातावर लाट दोन मजले उभी राहते. वर्षातून चार-दोनदाच. चुकलं तर खाली हातभर पाणी आणि त्याखाली काटेरी गोळ्यांसारख्या समुद्रजीवांनी भरलेला कातळ. म्हणून तिथं कोणी जात नाही.

कोरो गेला होता. तो तरुण असताना बेटावर नौदलाचा अंमल होता आणि गावाच्या कुंपणाबाहेर पडायला परवाना लागायचा. कोरो कुंपणाखालून सरपटत गेला, लव्हाळ्याची मोळी छातीशी धरून निहोच्या पाण्यात शिरला आणि लाट चढून आला. कोणी पाहिलं नाही, कारण पाहायला यायलाही परवाना लागला असता. परत आल्यावर त्यानं गावाला सांगितलं, "मी निहोची लाट चढलो. उभा राहून." लव्हाळ्याच्या मोळीवर उभा राहून! गाव जे हसायला लागलं ते पन्नास वर्षं थांबलं नाही. अजूनही कोणी मासा जरा मोठा सांगितला की लोक म्हणतात, "हा काइतुचा मासा दिसतोय."

म्हातारा चिडायचा नाही. एवढंच म्हणायचा, "मरायच्या आत कोणीतरी ती लाट सगळ्यांदेखत चढा रे. चढता येते, एवढं तरी कळू दे यांना."

हे ऐकत तेपानो सत्तेचाळीस वर्षांचा आणि एकशेदहा किलोंचा झाला. लहानपणापासून लाटांवर खेळत आला होता, पण निहोचा विषय निघाला की त्याला दुसरं काम आठवायचं. आता मात्र गुरुवार ठरला होता. अडचण अशी की त्याचा सर्फबोर्ड गेल्याच महिन्यात गेला. अंगणात वाळत ठेवला होता, एक मोकाट घोडं येऊन त्यावर उभं राहिलं आणि तिथंच विचार करत बसलं. त्याच्या वजनाला झेपेल असा नवा बोर्ड त्यानं मुख्य भूमीवरून मागवला. साडेनऊ फुटांची फळी. विमानात घेईनात, म्हणून ती मालाच्या जहाजानं निघाली होती. जहाज सोमवारी येणार होतं.

बोर्ड येत होता, आता लाट हवी. म्हणून रविवारी तेपानोनं रीतसर पांढऱ्या कोंबड्याचा विधी केला. खड्ड्यात दगड तापवले, वर कोंबडा, मासे, रताळी रचली, केळीची पानं आणि माती लोटली, पूर्वजांना हाका मारल्या आणि मागणं मागितलं, "लाट येऊ द्या. मोठी येऊ द्या." मग पंगत बसली आणि त्यानं ते रताळ्याचं भाषण केलं.

सोमवारी सकाळी जहाज आलं. सोमवारी दुपारी लाट आली.

आमच्याकडे धक्का नाही. जहाज लांब उभं राहतं आणि पडाव जाऊन माल आणतात. लाट कमरेच्या वर गेली की पडाव निघत नाहीत. ही लाट पडावांच्या टपावरून जात होती. पडाववाला लाझारो बंदरावर पाय सोडून बसला आणि म्हणाला, "उद्या बघू." हेच तो पुढे पंधरा दिवस म्हणाला.

तेपानो टेकडीवरून दुर्बिणीनं बघायचा. डावीकडे जहाज, जहाजात त्याचा बोर्ड. उजवीकडे निहो, निहोवर जन्मात पाहिली नव्हती अशी लाट. मधे तो, हात हलवत. चौथ्या दिवशी तो लाझारोकडे गेला.

"लाझारो, वायरलेसवर सांग त्यांना. फळी नुसती पाण्यात टाका म्हणावं. ती तरंगते. मी पोहत जाऊन आणतो."

लाझारोनं विचारलं. पलीकडून बराच वेळ कोणीतरी बोललं. "कॅप्टन म्हणतो, फळी आहे," लाझारो म्हणाला. "पण वीस टन कांद्याखाली आहे. कांदे उतरले की देतो."

पहिल्या आठवड्यात गावातला कांदा संपला. मग पीठ, मग बिअर, मग स्वयंपाकाचा गॅस. लोक लाकडं जाळायला लागले. तेपानोची बायको वाइतेआ चुलीपुढं डोळे पुसत बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची, "गॅस नाही, कांदा नाही, पीठ नाही. आणि आमचा नवरा समुद्राकडे बघून म्हणतो, काय सुंदर आहे!"

"मी तसं म्हणालो नाही," तेपानो म्हणाला.

"झोपेत म्हणालास."

त्यानं पुतण्याचा बोर्ड मागून आणला. तो साठ किलोच्या माणसासाठी होता. तेपानो त्यावर बसला तो बोर्डासकट छातीपर्यंत पाण्यात गेला आणि तिथंच राहिला. मुलं पुलावरून खाली बघावं तशी त्याच्याकडे बघत होती. यानंतर त्याला कोणी बोर्ड दिला नाही. किराणा दुकानवाली नुआ एवा तर सरळ दारात आली. नुआ म्हणजे मोठ्या बाईंना आम्ही मानानं म्हणतो ते, पण त्या दिवशी एवाबाईंच्या तोंडात मानाचा शब्द नव्हता.

"कोंबडा माझा होता," त्या म्हणाल्या. "त्याच्या शेपटीत एक काळं पीस होतं. ते तू गुपचूप उपटलंस. खोट्या कोंबड्यावर मागणं मागितलंस, आता भोगतंय कोण? माझं दुकान."

"नुआ, पिसाचा काही संबंध नाही."

"मग कशाचा आहे?"

ओट्यावरून कोरो शांतपणे म्हणाला, "यानं लाट मागितली. किती दिवसांसाठी, ते सांगितलंच नाही."

एवढी साधी गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नव्हती. संध्याकाळपर्यंत गाव दुसरा कोंबडा घेऊन हजर झालं. पांढरा उरला नव्हता म्हणून तांबडा. आत्ताच्या आत्ता विधी कर आणि लाट परत पाठव, एवढंच म्हणणं होतं. तेपानो कोंबडा हातात धरून उभा राहिला. लाट गेली तर कोरोला काय दाखवणार? नाही गेली तर बोर्ड कांद्याखाली. त्याला रडू यायला लागलं, आणि एवढा मोठा माणूस कोंबडा घेऊन रडतोय हे बघून लोकांनाही कसंतरी झालं.

"बुधवारपर्यंत थांबा," कोरो म्हणाला. "गुरुवारी मी जातो. मग तुमचं तुम्ही बघा."

"पण चढणार कशावर?" नुआ एवांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी कोरोनं तेपानोला ज्वालामुखीच्या विवरातल्या तळ्यात उतरवलं आणि लव्हाळी कापून आणवली. दोन दिवस म्हातारा ओट्यावर बसून मोळी बांधत होता. डोळ्यांना दिसत नव्हतं पण बोटांना दिसत होतं. मधेच धाप लागली की थांबायचा आणि छातीवर हात ठेवून म्हणायचा, "घट्ट आवळ. निहोवर सुटली तर तुझं काही शिल्लक राहणार नाही." तेपानोला रात्री झोप येईना. त्याला मरणाची भीती वाटत होती, आणि त्याहून जास्त, न जाण्याची.

बुधवारी सगळं गाव निहोच्या कड्यावर जमलं. कौतुकानं नव्हे. घरी चूल पेटवायची नव्हती, दुकानात काही नव्हतं, आणि हा एकदाचा चढला किंवा बुडला की तांबडा कोंबडा कापायचा होता. कोरोला खुर्चीसकट आणून कड्याच्या टोकाला बसवलं, पायांवर घोंगडी टाकली.

"कोरो, तुम्हाला एवढ्या लांबचं दिसेल?" तेपानोनं विचारलं.

"मला कशाला दिसायला हवं? यांना दिसू दे."

तेपानो कातळाच्या फटीतून पाण्यात उतरला आणि मोळी छातीशी धरून बाहेर गेला. बाहेर गेल्यावर त्याला कळलं की कड्यावरून लाट जेवढी दिसते त्याच्या दुप्पट असते. तो बाजूला तरंगत बसला. एक लाट सोडली. दुसरी सोडली. पाऊण तासात त्यानं एकोणीस लाटा सोडल्या. कड्यावर लोकांनी जांभया दिल्या. नुआ एवा म्हणाल्या, "काइतुचा मासाच हा."

विसावी लाट त्यानं पकडली नाही, लाटेनं त्याला उचललं. खाली बघतो तर पाणी ओसरून काळा दात उघडा पडलेला. उभं राहायचं बिहायचं सगळं विसरून त्यानं मोळीला मिठी मारली, डोळे मिटले, मग उघडले, कारण मिटून जास्त भीती वाटत होती. डावीकडे हिरवी भिंत उभी होती आणि ती पडत नव्हती. तो पोटावर, ओरडत, त्या भिंतीच्या कुशीतून सरळ धावत होता. किती वेळ? आठ-दहा श्वास असतील. त्याला वाटलं, हे खरं आहे, कोरो खरं बोलत होता. मग लाट शांत झाली आणि त्याला कातळाजवळ उथळ पाण्यात सोडून गेली.

तो गुडघे फोडून, तळपायात काटे घेऊन, मोळी डोक्यावर धरून वर आला. कड्यावर कोणी नव्हतं. खुर्चीत कोरो होता, पाठमोरा, आणि पलीकडे एक घोडं.

"कोरो, पाहिलं का?"

"काय?"

"मी आलो! निहोवरून आलो! लोक कुठं गेले?"

म्हाताऱ्यानं पूर्वेकडे बोट दाखवलं. जहाज टोकाला वळसा घालून पलीकडच्या शांत खाडीकडे निघालं होतं. कॅप्टन पंधरा दिवसांनी कंटाळला होता. त्यानं भोंगा वाजवला आणि सगळं गाव, बरोब्बर त्या आठ-दहा श्वासांत, गाड्यांकडे पळालं. लाझारो सगळ्यात पुढे होता.

"आणि तुम्ही?" तेपानोनं विचारलं.

कोरो थोडा ओशाळला. "भोंगा ऐकला. वाटलं, कांदे आले. मान वळली रे."

तेपानो दगडावर बसला. पायातून रक्त येत होतं. त्याला इतकं वाईट वाटलं की काटे काढायचंही सुचेना. बाप आणि मुलगा निहोकडे बघत बसले. एकाला दिसत होतं, एकाला नव्हतं.

गुरुवारी विमानतळावर लोकांनी कोरोच्या गळ्यात शिंपल्यांच्या माळा घातल्या. घरांत कांदा परतल्याचा वास होता, त्यामुळे सगळ्यांना प्रेमाचं भरतं आलं होतं. चाकाच्या खुर्चीत कोरो ताठ बसला आणि मोठ्यानं म्हणाला, "माझा तेपानो निहोची लाट चढला. उभा राहून आला, एक हात वर करून. मी पाहिलं, या डोळ्यांनी."

"या डोळ्यांनी?" नुआ एवा म्हणाल्या, आणि लोकांनी प्रेमानं हसून घेतलं.

तेपानो खाली वाकला आणि कानात म्हणाला, "कोरो, मी पोटावर आलो."

म्हाताऱ्यानं त्याचा कान धरून जवळ ओढला. "मी पण पोटावरच आलो होतो," तो म्हणाला. "पोटावरचं सांगायला लाज वाटली. गप बस आता." मग त्याला आत नेलं.

तिसऱ्या आठवड्यात कोरो त्याच विमानानं परत आला, सामानाच्या बाजूनं. झडप नवी बसली होती पण बाकीचं हृदय जुनं होतं. पुरला त्या दिवशी समुद्र तेलासारखा सपाट होता आणि तेपानोचा नवा कोरा बोर्ड, कांद्याच्या वासासकट, ओट्यावर भिंतीला टेकून उभा होता. मयताच्या जेवणासाठी खड्ड्यातून रताळी निघाली. सगळं गाव होतं. पान वाढता वाढता नुआ एवांनी, काहीतरी बरं बोलायचं म्हणून, विचारलं, "खरंच चढला होतास का रे त्या दिवशी?"

"हो, नुआ."

"कसा आलास?"

तेपानोनं रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. "उभा," तो म्हणाला. "एक हात वर करून."

कोणी हसलं नाही, कारण मयताचं घर होतं. पण आता आमच्याकडे मासा मोठा सांगितला तर तो काइतुचा म्हणतात, आणि त्याहून मोठा सांगितला तर तेपानोचा.