बरोबरीचं भरीत

जगात बरोबरीसारखी सभ्य गोष्ट दुसरी नाही. जिंकलेला माणूस चढून बसतो, हरलेला माणूस जेवत नाही. पण सामना बरोबरीत सुटला की दोघंही शहाण्यासारखे हात धुऊन पंगतीला येतात. हा सिद्धांत मी रविवारी संध्याकाळी मेहरूणच्या मैदानावर मोठ्या आवाजात मांडला आणि सोमवारी दुपारी नवलच्या शेतात मुकाट्याने मागे घेतला.

सामना साधासुधा नव्हता. आमचं मेहरूण मित्रमंडळ विरुद्ध धुळ्याचं पांझरा स्पोर्ट्स. दोघांचे गुण सारखे, चषकावर डोळा दोघांचाच, आणि यानंतर प्रत्येकाचा एकच सामना उरलेला. मला स्वतःला फुटबॉलमधलं काही कळत नाही. ज्याच्या पायाशी चेंडू असतो त्याला लोक शिव्या का देतात आणि ज्याच्या पायाशी नसतो त्याला त्याहून जास्त का देतात, हे कोडं मला आयुष्यभर वर्तमानपत्रात टोमणे लिहून निवृत्त झाल्यावरही सुटलेलं नाही. तरी या सामन्यात मला बरोबरीच हवी होती. कारण सारिका.

सारिका आमची मुलगी. धुळ्याला दिली आहे. फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणजे लोकांचे आखडलेले सांधे मोकळे करते. तिने आणि आमचे जावई समाधान यांनी जळगावला येऊन मेहरूणमध्ये दवाखाना टाकायचं ठरवलं होतं. जागा पाहून झाली होती, रंग कोणता द्यायचा यावर भांडण होऊन मिटलंही होतं. फक्त एक काम राहिलं होतं. हे सगळं झुलालआबांना सांगायचं.

झुलालआबा म्हणजे समाधानचे वडील, माझे व्याही आणि पांझरा स्पोर्ट्सचे आधारस्तंभ. समाधान वडिलांसमोर फक्त 'हो' म्हणतो, आणि तेही मनात.

"परवानगी नकोय, बाबा," सारिका मला म्हणाली होती. "आम्ही येणारच आहोत. पण आबा रुसले तर समाधान वर्षभर नीट जेवणार नाही. तुम्ही सांगा. तुम्ही जन्मभर शब्दांवर जगलात."

"मी टोमण्यांवर जगलो, बाळा."

"मग टोमणा वगळून सांगा."

त्यावर मी बेत आखला. आबा सामना बघायला येणार, आमच्याकडे मुक्काम करणार, आणि सोमवारी दुपारी नवलच्या शेतात भरीत. थंडीचे दिवस, बामणोदची वांगी, कळण्याची भाकरी. एवढं पोटात गेल्यावर माणूस सुनेला दवाखानाच काय, विमानतळ टाकायलाही नाही म्हणत नाही. धोका एकच होता, निकालाचा. कारण नवल हा प्रमिलाबाईंचा, म्हणजे आमच्या हिचा, सख्खा भाऊ आणि मेहरूण मित्रमंडळाचा सर्वेसर्वा. मेहरूण जिंकलं असतं तर त्याने आबांना भाकरीच्या प्रत्येक घासाला ते ऐकवलं असतं. पांझरा जिंकलं असतं तर शेताचं फाटकच उघडलं नसतं.

आणि देवाने माझं ऐकलं. मेहरूण एका गोलने पुढे होतं, आणि पंच घड्याळाकडे बघत असताना पांझराने गोल केला. आबांनी अशी उडी मारली की आधी त्यांची टोपी खाली आली आणि मग ते आले. एक-एक. बरोबरी. मी तिथल्या तिथे माझा सिद्धांत जाहीर केला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

त्याचं कारण मला रात्रीच्या जेवणातच कळायला हवं होतं. हरलेला माणूस एकटा हरतो. बरोबरीत मात्र दोघेही हरलेले असतात, आणि समोरच्याने आपल्या ताटातलं उचललं असं दोघांनाही वाटत असतं.

सोमवारी सकाळी शिरसोली रस्त्याने शेतावर निघालो. सारिका आधीच पुढे गेली होती, गाडी समाधान चालवत होता. आबांनी गाडीत पुढची सीट घेतली, ती जाईल तितकी मागे सरकवली आणि उजवा पाय समोर ताठ लांब करून बसले. मागे माझे गुडघे हनुवटीला लागले.

"चिडलेत," प्रमिलाबाई माझ्या कानात म्हणाल्या.

"कशावरून?"

"पाय बघा की. व्याह्याच्या गाडीत असा पाय कोण पसरतं?"

मला मात्र एवढी काळजी नव्हती. आबांचा राग पायावरून नाही, भाषेवरून मोजायचा असतो. मन शांत असलं की ते पुस्तकातली मराठी बोलतात. पारा चढला की अहिराणी. आणि गाडीत ते एवढंच म्हणाले होते, "आज हवामान मोठं आल्हाददायक आहे."

शेतावर सगळी तयारी होती. तोताराम, म्हणजे आमच्याकडच्या प्रत्येक भरीत पार्टीत ज्याच्या हाताला मान असतो तो, कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा जाळ करत होता. बांधाजवळ हिरव्या वांग्यांचा ढीग. आंब्याखाली आबांसाठी खाट, खाटेवर नवी चादर, चादरीवर घडीच्या खुणा.

"बसा, आबा," नवल म्हणाला.

"मी उभाच बरा."

प्रमिलाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. व्याही शेतावर येतो आणि खाटेवर टेकत नाही, याचा अर्थ आमच्या भागात शाळेतल्या पोरालाही कळतो. आबांनी आंब्याला टेकवलेली एक काठी घेतली आणि दोन्ही हात तिच्यावर ठेवून उभे राहिले. सेनापती टेकडीवर उभा राहतो तसे.

नवलला मी बजावलं होतं, फुटबॉलचं नाव काढू नकोस. त्याने चहा संपेपर्यंत शब्द पाळला.

"राग मानू नका, आबा, पण तो गोल ऑफसाइड होता."

"नवलभाऊ, आपली नजर उत्तम आहे," आबा पुस्तकी मराठीत म्हणाले. "फक्त गोल होतो त्या वेळी ती दुसरीकडे असते."

"थांबा. दाखवतोच."

नवलने ताडपत्री अंथरली. ढिगातून अकरा वांगी निवडली आणि मेहरूणचा संघ मांडला. समोर पांझराचे म्हणून कांदे ठेवायला लागला.

"आम्ही कांदे?" आबांनी विचारलं.

"मग काय ठेवू?"

"तुमच्या पोरांनी पूर्ण सामन्यात जागा सोडली नाही, तेव्हा वांगी योग्यच आहेत. आमची पोरं पळतात. मिरच्या आणा."

मिरच्या आल्या. चेंडू म्हणून लिंबू आलं. सगळ्यांत जाड वांगं गोलकीपर झालं. आता अडचण अशी की मेहरूणचा खरा गोलकीपर, प्रशील, नवलनेच जेवायला बोलावलेला होता आणि तिथेच शेंगा फोडत बसला होता. वरणगावच्या फॅक्टरीत नोकरीला आहे, शांत माणूस.

"नवलमामा, मी एवढा जाड नाही," तो म्हणाला.

"तू गप. तू इथे आहेस," नवलने वांग्यावर बोट ठेवलं आणि वांग्यालाच विचारलं, "काल तू गोल सोडून पुढे का आलास रे?"

"मला वाटलं, उजवीकडून..." प्रशीलने सुरुवात केली.

"तुला नाही विचारलं."

मग वाद असा रंगला की बाजूच्या शेतातला माणूस आपलं पाणी बंद करून बघायला आला. सगळा प्रश्न एका वांग्यावर येऊन ठेपला होता. मेहरूणचा शेवटचा बचावपटू गोलपासून किती लांब होता? आबा काठीने दाखवायचे, इथे. नवल वांगं वीतभर पुढे सरकवायचा, इथे. आबा काठीनेच ते मागे ढकलायचे. वाकून हात लावायला तयार नव्हते. व्याह्याच्या शेतातल्या वांग्यालाही हात लावायचा नाही, इतका राग. मी मनात नोंद केली.

"कोणीही हात लावू नका," शेवटी आबा म्हणाले. "धुळ्याहून छायाचित्र मागवतो. मग याच मांडणीवर न्याय होईल."

आणि मोबाइलला रेंज मिळावी म्हणून ते विहिरीकडे निघाले. हळूहळू, ताठ, काठी टेकत. एक पाऊल, थांबणं, दुसरं पाऊल. त्या चालण्यात एवढा संताप होता की कुत्रंही बाजूला झालं.

"बाबा, आल्यावर सांगून टाका," सारिका मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली.

"पोट भरू दे त्यांचं."

"कालपासून तुम्ही हेच म्हणताय."

"मग सामना जिंकायला सांग कुणाला तरी. मी आपला बरोबरीवर खेळतोय."

आमचं हे चाललं होतं आणि नवल प्रशीलला, खऱ्या प्रशीलला, झाडाखाली उडी कशी मारायची ते शिकवत होता. ताडपत्रीकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

आबा परत आले. फोनवर छायाचित्र होतं, चेहऱ्यावर विजय होता. त्यांनी काठी ताडपत्रीकडे वळवली आणि ती तशीच हवेत राहिली. ताडपत्रीवर अकरा मिरच्या होत्या आणि एक लिंबू.

"मेहरूण कुठे गेलं?"

तोताराम जाळापलीकडून म्हणाला, "भाजायला टाकली, आबा. निखारा छान पडला होता. नवलभाऊंनी निवडून, ओळीत मांडून ठेवलेली. मला वाटलं, कमी बियांची आहेत, पहिल्या घाण्याला हीच घ्यायची."

"बठ्ठा?" आबा म्हणाले.

अहिराणी सुरू झाली होती.

"सगळी," तोताराम म्हणाला. "गोलकीपर जरा वेळ घेतोय. जाड आहे ना."

प्रशीलने शेंगा खाली ठेवल्या.

"तुम्हीन पुरावा भाजी टाका," आबा नवलला म्हणाले.

"मी पुरावा भाजला? आबा, शपथ घेतो, मी झाडाखाली होतो."

"काल तुमना गोलकीपर बी झाडखालेच व्हता."

जाळात कुठलं तरी वांगं फट्कन फुटलं, तो बहुधा शेवटचा बचावपटू असावा.

मी घाईघाईने पंगत मांडायला लावली. भरीत ठेचून झालं, कांद्याची पात पडली, वरून तेलाची धार आली. तो वास असा होता की बाजूच्या शेतातला माणूसही न बोलावता मांडी घालून बसला. सगळे बसले. आबा उभे.

"आबा, बसा ना," प्रमिलाबाई म्हणाल्या.

"मी बसणार नही."

प्रमिलाबाईंच्या हातातली पळी थांबली. मुलीचा सासरा भरल्या पंगतीत बसायला नकार देतो. लग्नातसुद्धा आबांनी असं केलं नव्हतं, आणि लग्नात तर जिलबी कमी पडली होती. समाधानने ताटाकडे बघत घास खाली ठेवला. त्याचं वर्षभर न जेवणं बहुधा सुरू झालं होतं. मी उठलो. आता बोलायलाच हवं होतं. मी घसा खाकरला, हात जोडले आणि योग्य शब्द शोधू लागलो.

तेवढ्यात नवलला मदत करावीशी वाटली.

"सोडा हो राग, आबा," तो म्हणाला. "आता कसलं धुळं आणि कसलं जळगाव? सारिका इथेच दवाखाना टाकतेय, मेहरूणला. आमच्या पोरांचे गुडघे आता तीच बघणार. सगळं ठरलंय."

माझे जोडलेले हात तसेच राहिले. प्रशीलने हळूच पाण्याचा तांब्या स्वतःकडे ओढला, का ते त्यालाही सांगता आलं नसतं. आबांनी समाधानकडे पाहिलं.

"हो," समाधान म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने.

"मनी सून," आबा शब्द तोलत म्हणाले, "मेहरूणना पोऱ्यास्ना गुडघा चोळई?"

सारिका उठली. "आबा, बाबा हेच तुम्हाला सांगणार होते. कालपासून सांगतायत, फक्त तोंड उघडायचं राहिलंय. आम्ही जळगावला राहायला येतोय. आणि काल तुमच्या स्ट्रायकरच्या पोटरीत गोळा आला, तेव्हा पांझराच्या बाकावर काय होतं? बामची बाटली. तीही रिकामी. मी दर रविवारी धुळ्याला येईन आणि तुमच्या पोरांना बघेन."

"आनि यास्ले?"

"यांनाही बघेन. पाय दोन्हीकडे सारखेच असतात."

"म्हणजे बरोबरीच झाली," मी म्हणालो.

आबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी परत खाली बसलो.

भरितावरची वाफ कमी होत चालली होती. आबांनी काठीवरची पकड बदलली, टोपी नीट केली आणि एकदम पुस्तकी मराठीत म्हणाले, "दवाखान्याला माझी हरकत नाही."

प्रमिलाबाईंनी डोळे मिटून घेतले.

"परंतु एक अट आहे. पहिला पेशंट मेहरूणचा असता कामा नये."

नवलने तोंड उघडलं. प्रमिलाबाईंनी त्यात भाकरीचा तुकडा घातला.

"मग कोण, आबा?" सारिकाने विचारलं.

आबांनी पंगतीकडे पाहिलं, ठेचलेल्या मेहरूणकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. आवाज खाली आणला. आणि परत अहिराणी सुरू झाली, तशी आम्ही सगळ्यांनी आपापली ताटं जवळ ओढली.

"माले जरा धरीसन खाले बसाड ना, माय. काल गोल व्हयना तवय उडी मारी, तवयपाईन गुडघा वाकत नही. आनि भरीत थंडं व्हई ऱ्हायनं."