मोघ्यांच्या गरिबीची पाहणी

सरकारी महाविद्यालयातलं शिक्षण मोफत असतं, ही गोष्ट नरहर मोघ्यांना मुलीच्या प्रवेशाची पावती हातात पडली तेव्हा नीट समजली. शिकवण्याची म्हणून जी फी होती, तिच्यात काशीच्या पंचगंगा घाटावर दोघांचा चहाही झाला नसता. सरकार शब्दाला पक्कं होतं. मात्र त्या ओळीखाली विकास शुल्क होतं, क्रीडा शुल्क होतं, वार्षिकांकाचं शुल्क होतं. इरावती रोज पायी येणार होती तरी वाहनतळाचं शुल्क होतं. प्रयोगशाळेत पुढेमागे तिच्या हातून जे फुटणार होतं त्याचंही शुल्क आगाऊ लावलेलं होतं. आणि अगदी तळाशी, ज्या गरीब विद्यार्थ्यांना शुल्कात सवलत द्यायची त्यांच्या अर्जांच्या छाननीचं शुल्क होतं. बेरीज वाचून नरहरांनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचली. तीच होती.

नरहर घाटावरचे पुरोहित. महाराष्ट्रातून काशीला येणाऱ्या यजमानांची श्राद्धं, पिंडदानं, गंगापूजनं हेच घराण्याचं काम. इरावती एकुलती एक, आणि भौतिकशास्त्रानं झपाटलेली. इतकी, की आरतीच्या वेळी घंटेकडे न बघता तिच्या दोलनाचा काळ मोजत बसायची. पहिला हप्ता नरहरांच्या पत्नी इंदूबाईंच्या पाटल्यांनी भरला. दुसऱ्या हप्त्याला पाटल्या उरल्या नव्हत्या. शिष्यवृत्ती मंजूर झाली तर मुलगी शिकणार, नाहीतर पटावरून नाव कमी, असं नियमात स्वच्छ लिहिलेलं होतं.

शिष्यवृत्ती कक्षाचे प्रमुख डॉ. देवव्रत लेले मराठीच निघाले, तीन पिढ्यांचे बनारसी. नरहरांना हायसं वाटलं. भोळा माणूस! खुर्चीत आपला माणूस असला की तो सगळ्यांत कडक आपल्या माणसालाच तपासतो; नाहीतर लोक म्हणतील ना, आपल्या माणसाला सांभाळून घेतलं.

"काका, मासिक उत्पन्न?"

"यथाशक्ती."

"कुणाच्या?"

"यजमानांच्या. आम्ही मागत नाही, आकडा बोलत नाही. ते मूठ झाकून देतात, आम्ही न मोजता घेतो. वडिलांनी तसंच शिकवलंय."

"या रकान्यात अक्षरं बसत नाहीत, काका. आकडा सांगा."

"मग शून्य लिहा."

"शून्य टाकलं की पोर्टल विचारतं, अर्जदार जिवंत कसा? मागच्या साली एकानं टाकलं होतं. पोर्टलनं त्याला दिवंगत करून टाकलं. आता बिचारा स्वतःच्या वारसाच्या शोधात फिरतोय." डॉ. लेल्यांच्या चेहऱ्यावर खरंच हळहळ होती. "त्यापेक्षा तुम्हाला जो पगार देतो त्याचं प्रमाणपत्र आणा."

"मला गंगामाई देते."

"तिचा शिक्का आहे?" डॉ. लेल्यांनी गंभीरपणे विचारलं.

झालं! नरहर उत्पन्नाच्या दाखल्यासाठी कचेरीत गेले. तिथं सांगण्यात आलं की गेल्या वर्षी ज्यांनी ज्यांनी दक्षिणा दिली त्यांची लेखी निवेदनं जोडा. नरहरांनी भीतभीत साताऱ्याच्या एका यजमानांना फोन लावला. त्यांना वाटलं, गुरुजी कमी दिल्याची आठवण करून देताहेत. ते असे काही भडकले की पुढच्या वर्षीचं श्राद्ध त्यांनी शेजारच्या घाटावरच्या पुरोहिताला देऊन टाकलं. उत्पन्न सिद्ध करता करता उत्पन्नच घटलं, आणि कचेरीनं घटलेल्या उत्पन्नाचा पुरावा वेगळा मागितला.

नरहरांचा चुलतपुतण्या कुणाल त्याच महाविद्यालयात होता. वडील बँकेत मोठे साहेब, फ्लॅट, दाराशी गाडी. त्याची शिष्यवृत्ती पहिल्याच यादीत मंजूर झाली होती.

"काका, आप भी ना!" तो म्हणाला. "कचेरीबाहेर टायपिंगवाला बसतो. त्याला फक्त सांगायचं, किती गरीब व्हायचंय. तो करून देतो."

"अरे, पण ते खोटं."

"खोटं कसं? शिक्का खरा असतो."

नरहरांना ते जमेना. सकाळी गंगेत उभं राहून अर्घ्य देणारा माणूस संध्याकाळी टायपिंगवाल्यासमोर कसा बसणार? शेवटी डॉ. लेल्यांनीच नियमावलीतून तोड काढली. ज्याच्या गरिबीला कागद नाही त्याच्या गरिबीची समक्ष पाहणी करता येते. त्यासाठी गरिबी सत्यापन समिती नेमलेली होतीच. सदस्य दोन: स्वतः डॉ. लेले आणि समाजशास्त्राच्या प्रा. मालविका गोरे, ज्यांचा दारिद्र्यावरचा प्रबंध परदेशात वाचला गेला होता. समितीनं गुरुवारी भर दुपारी यायचं ठरलं.

कुणालनं आदल्या दिवशी येऊन घर पाहिलं आणि कपाळाला हात लावला. फ्रिज वरच्या खोलीत न्या, पंखा उतरवा, काकांनी फाटका बनियन घालावा, काकूंनी मधूनमधून खोकावं, असं त्यानं बजावलं. इरावती आईच्या मागे लागली, "आई, प्लीज. नुसता चहा दे. तोही बिनदुधाचा."

इंदूबाई उसळल्याच. "भर दुपारी दाराशी माणसं येणार आणि मी त्यांना कपभर काळ्या पाण्यावर वाटेला लावू? मोघ्यांच्या घरातून आजवर कुणी उपाशी गेलेलं नाही. गरीब आहोत, निर्लज्ज झालो नाही अजून!"

नरहर तुपाचं भांडं घेऊन वाण्याकडे निघाले. खरं सांगायचं तर मनातून त्यांनाही हेच हवं होतं. तूप उधारीवर आलं. केशर शेजारच्या शरदिनीवहिनींनी दिलं आणि त्याबरोबर आपली चांदीची ताटंही दिली, कारण पाहुण्यांना स्टीलमध्ये वाढलेलं त्यांनाच बघवलं नसतं.

समिती आली. समितीनं हात धुतले आणि पाटावर बसली. श्रीखंड, पुऱ्या, अळूची भाजी, भातावर वरण आणि वरणावर तुपाची धार. नको नको म्हणत डॉ. लेल्यांनी तीनदा श्रीखंड घेतलं. प्रा. गोऱ्यांनी बोटं चाटत विचारलं, "तूप घरचं का?"

"घरचंच," इंदूबाई म्हणाल्या. उधारीचं आहे असं जेवत्या पाहुण्याला कुणी सांगतं का?

जेवणं झाली, विडे आले. आणि इथं नरहरांच्या हातानं घात केला. ब्राह्मण जेवला की विड्यावर दक्षिणा ठेवायची, ही हाताला जन्माची सवय. हात फडताळाकडे गेला, तिथल्या दोन नोटा उचलल्या आणि दोन्ही विड्यांवर एकेक ठेवली. त्या नोटा इरावतीच्या परीक्षा शुल्कासाठी बाजूला काढलेल्या होत्या. इरावती दारात उभी राहून बघत होती. ती आत यायला निघाली, पण पाहुण्यांच्या विड्यावरची नोट उचलणार कशी? दक्षिणेला नाही म्हणायचं नसतं, असं म्हणत डॉ. लेल्यांनी नोट खिशात घातली. प्रा. गोऱ्यांनी पर्समध्ये.

आठवड्याभरात अहवाल आला. 'परिवाराच्या भोजनात केशर आढळले. ताटे चांदीची आहेत. तूप घरचे असल्याचे गृहिणीने स्वमुखाने मान्य केले. अर्जदाराचे पिता दक्षिणा देताना समितीस प्रत्यक्ष दिसले. रकमेची सत्यता तपासण्यासाठी समितीने ती स्वीकारली. देणारा गरजू असू शकत नाही. अर्ज अमान्य.'

नरहर धावत महाविद्यालयात गेले. "अहो, ताटं शेजारची होती!"

"म्हणजे संपन्न असल्याची बतावणी केलीत?" डॉ. लेले चपापले. "काका, समितीची दिशाभूल म्हणतात याला. त्याला वेगळं कलम आहे. आपला माणूस म्हणून मी ते लावत नाही, एवढं समजा."

नरहर त्यांचे आभार मानून बाहेर आले. होय, आभार मानून! काय करणार? पुढच्या सोमवारी इरावतीचं नाव पटावरून कमी झालं. तिनं पुस्तकं बांधून फडताळात वर ठेवली आणि कुणालच्या प्रयोगवह्या लिहून द्यायला घेतल्या. पानामागे पैसे मिळत होते. कुणाल म्हणाला, अक्षर छान आहे तुझं.

इथं संपलं असतं तरी बरं होतं. पण पोर्टलनं नरहरांना अर्जदारांतून काढून दात्यांत टाकलं, आणि महाविद्यालयाकडून निमंत्रण आलं: निर्धन छात्र सहायता समारोह, शाल-श्रीफळ, दानशूर नरहर मोघे यांच्या शुभहस्ते शिष्यवृत्तीवाटप. जायचं नाही असं नरहर म्हणत होते. इंदूबाईच म्हणाल्या, "जा. चार माणसांत सांगा तरी."

पहिलं नाव कुणालचं पुकारलं. त्यानं गाडीची किल्ली खिशात टाकली, वाकून नमस्कार केला आणि चेक घेतला. मग नरहरांनी ध्वनिक्षेपक हातात धरला. मंत्रांखेरीज आयुष्यात मोठ्यानं न बोललेला माणूस तो.

"मी दाता नाही. तूप उधारीचं होतं, ताटं शेजारची होती. दक्षिणा दिली ती माझ्या मुलीच्या परीक्षेची होती. तुम्ही तिचं नाव काढलंत. ही शाल घ्या परत. मला काही नको, तिला शिकू द्या."

मग डॉ. लेले सद्गदित होऊन म्हणाले, "केवढी ही विनम्रता!" आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. मागच्या रांगेत इरावती बसली होती. तिच्या शेजारची बाई टाळ्या वाजवता वाजवता तिला म्हणाली, "अशी माणसं आता राहिली नाहीत गं."

त्या टाळ्यांत बँकेतले होते, रेल्वेतले होते, विद्यापीठातले होते, सगळे सभ्य, सगळ्यांची मुलं शिष्यवृत्तीच्या यादीत. तुम्हाला त्यांचा राग आला असेल तर उत्तम. आता उठा. मुलाच्या प्रवेशाच्या वेळी काढलेला तुमचा उत्पन्नाचा दाखला कपाटात असेल, तो घ्या आणि त्यावरचा आकडा मोठ्यानं वाचा. जरा खणखणीत वाचा, मागच्या रांगेत इरावती बसली आहे.